तिसरा रकाना

बाळंतपणाला निघताना पिशवीत काय काय हवं, याची यादी मी दवाखान्याच्या दाराला आतून चिकटवली होती. उकळलेला दोरा, कात्री, चिमटा, साबण, नखं घासायचा ब्रश, कापूस, स्पिरिट, मेणकापड, धुतलेली फडकी, बाळाचं वजन करायचा काटा. यादीवर बोट ठेवून एकेक वस्तू बघायची, मगच पाय दाराबाहेर. घाईत माणूस नेमकी कात्री विसरतो. मी इतक्या वर्षांत एकदाही विसरले नाही.

तुमच्या कामातले गमतीचे किस्से दिवाळी अंकासाठी लिहा, असं पत्र आलं तेव्हाही मी आधी यादीच केली. अकरा किस्से निघाले. शेवटी सवयीने आणखी एक नाव लिहून गेले, आणि ते लिहिल्यावर बाकीच्या अकरांकडे बघवेना. म्हणून अकरातले तीनच देते, आणि मग त्या नावाकडे येते.

आमचा दवाखाना बोईसरहून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर. दोन कौलारू खोल्या आणि पडवी. एका खोलीत चार खाटा, दुसरीत टेबल, औषधांचं कपाट आणि स्टोव्ह. डॉक्टर पालघरहून मंगळवारी आणि शुक्रवारी येत. बाकीचे दिवस मी आणि जीवीबाय. जीवीबाय नवापूरची, पूर्वी सुईण होती, आता आमच्याकडे आया. मी नाशिककडची, शिकून आलेली नर्स. तिच्या हातून जन्मलेली माणसं नातवंडं खेळवत होती, आणि तरी मी तिला हात धुवायला शिकवत असे. तीही मुकाट्याने धुवत असे. तेव्हा तारापूरच्या बाजूला विजेच्या मोठ्या कारखान्याचं बांधकाम सुरू झालं होतं, ट्रक जात, परमुलखातले लोक आले होते, आणि पडवीत मच्छीमार बाई, वाडीवाला बागायतदार आणि हिंदी बोलणारा फिटर एकाच बाकावर बसलेले असत.

बाहेरच्या माणसाला वाटतं, नर्सकडे लोक ताप आणि जखमा घेऊन येतात. येतातच. पण निम्मे लोक राग, भीती, उदासी असलं काहीतरी घेऊन येतात, फक्त तसं म्हणत नाहीत. ते जागा सांगतात.

केळव्याच्या बाजूचे एक पानवेलीवाले नाना होते. एकदा विसळलेली बाटली घेऊन आले.

"बाई, उद्या भावाशी बांधाचं बोलायचं आहे. पित्ताचं औषध द्या."

"पित्त झालंय का?"

"अजून नाही. त्याचं तोंड बघितलं की होतं."

राग पित्तातून निघतो, मस्तकात जातो आणि मग आपण काय बोलतो ते आपल्याला ऐकू येत नाही, असं त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. मी सोड्याचं आणि पुदिन्याचं पाणी बाटलीत भरलं, बाहेरून कागदाची खाचा पाडलेली पट्टी चिकटवली, एका खाचेला एक डोस. चौथ्या दिवशी नाना परत. "लागू पडलं बाई. आता भावासाठी एक बाटली द्या. त्याचं अजून उतरायचंय."

दुसरा तो फिटर. लांब उत्तरेकडून आलेला, दांडगा, आणि डोळ्यांत सारखं पाणी. "सिस्टर, इधर का पानी दिल पे बैठ गया है." गावाकडचं पाणी हलकं, इथलं खारट आणि जड, ते काळजावर साचतं म्हणून त्याला करमत नाही, असं त्याचं म्हणणं. पाणी उकळून प्या, म्हणून मी सांगितलं. पंधरा दिवसांनी रस्त्यात भेटला तर सायकलवर गाणं म्हणत चाललेला. "पानी सुधर गया, सिस्टर!" घरून पत्र आलं होतं.

तिसरी सातपाटीची भानीबाय. होड्यांना उशीर झाला की हिचे गुडघे जात. तेल मागायला आली होती. मी तपासलं. गुडघ्यांना काही नव्हतं.

"भानीबाय, ही भीती आहे. भीती मनात असते."

"मन कुठं हाय? हात लावून दाकव."

मी छातीला हात लावला. मग वाटलं, नाही, डोक्यात म्हणायला हवं, म्हणून तो कपाळाला नेला.

"बग! तुलाच ठाव नाय. माजा गुडगा तं हाय हितं."

जीवीबाय पदर तोंडाला लावून हसत होती. भानीबाय तिला म्हणाली, "हिचा राग मातर नाकावर हाय. लांबून दिसतो, होडीच्या निशानावानी."

हे सगळं मी एका वहीत लिहून ठेवत असे. तीन रकाने आखले होते. पहिल्यात काय होतं: राग, भीती, उदासी, नवऱ्याची आठवण. दुसऱ्यात कुठे: पित्त, गुडघे, पाणी, आतडं, तळपाय, दूध. कोणाची भीती दृष्ट लागून येते, कोणाची खारट वाऱ्याबरोबर, कोणाचा राग आदल्या दिवशीच्या सुक्या मासळीतून. गंमत म्हणून सुरू केलं, मग भरत गेले.

तिसऱ्या रकान्याला नाव होतं: काय सांगावं.

हे मला लिहिताना जड जातं आहे, पण आता यादीत आलंच आहे. लोकांना शास्त्र सांगितलं तर ते मान डोलावत आणि घरी जाऊन हवं तेच करत. त्यांच्याच समजुतीतून, एकेकट्याला सांगितलं तर ऐकत. बांधकामावर एक सुपरवायझर होता, घाटावरून आलेला. बायकोला सातवा महिना, आणि हा रोज घर डोक्यावर घेई. त्याच्या आईची समजूत अशी की घरातला राग गर्भाला पीळ घालतो. मी त्याला बाजूला घेऊन गंभीर चेहऱ्याने तेच सांगितलं. बाळंतपण होईपर्यंत त्याने आवाज चढवला नाही. मी वहीत लिहिलं: "उपयोग झाला." मला त्या रकान्याचा अभिमान वाटायचा.

जीवीबायला तो आवडत नसे. तिला वाचता येत नव्हतं, पण मी काय करते ते कळत होतं.

"बाय, तुला नाय पटत तं बोलतेस कशाला?"

"काम होतं."

"काम व्हतं. पन बोल ऱ्हातो ना मागं."

मी म्हटलं, चल, पट्ट्या उकळायच्या आहेत. एकदा तिने मला विचारलं होतं, "तुजं कुठं येतं गं, राग नि रडू?" मी म्हटलं, "मला कुठेच येत नाही. मला कामं असतात."

आता ते नाव. चांगुणा.

चांगुणा मूळची सातपाटीची, नवापूरला दिलेली. नवरा नथू, होडीवर खलाशी. पहिलं बाळंतपण, दीड दिवस अडली, म्हणून सासू रामीबाय तिला बैलगाडीतून आमच्याकडे घेऊन आली. मुलगी झाली. वजन फार कमी, रडण्यात जोर नाही, दूध ओढताना दमून झोपून जायची. अशा मुलाला आईचं दूध हेच औषध. दर दोन तासांनी उठवायचं, गालाला बोट लावायचं, पाजायचं. मी खाटेशेजारी कागद लावला आणि प्रत्येक वेळेला खूण करायला लागले. दुसऱ्या दिवशी मुलीने पंधरा मिनिटं दूध ओढलं तेव्हा मी आणि जीवीबायने एकमेकींकडे बघितलं. रामीबाय निर्धास्त होऊन घरी गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला नथूचा चुलतभाऊ धावत आला. होडी खडकावर उलटली होती. तिघे पोहत आले, नथू आला नव्हता. त्याने हे पडवीत उभ्या उभ्या सांगितलं आणि शोधायला परत गेला. आत जाऊन जीवीबायने चांगुणाला सांगितलं.

नवापूरच्या बायकांचं रडणं ज्यांनी ऐकलं नाही त्यांना कसं सांगू? ते नुसते हुंदके नसतात. गेलेल्याला हाक मारून, त्याच्या सवयी सांगत, हेल काढून रडायचं असतं. चांगुणा खाटेवर उठून बसली आणि तिने नथूला पहिली हाक मारली. कौलं हलतील अशी.

त्या दिवशी अकरा वाजता जिल्ह्याहून तपासणीचे साहेब येणार होते.

माझी नेमणूक तोवर हंगामी होती. या साहेबांच्या शेऱ्यावर मी कायम होणार की नाही ते ठरणार होतं. आदल्या दिवशी मी जमीन दोनदा पुसून घेतली होती, चादरी बदलल्या होत्या, बाटल्यांच्या चिठ्ठ्या नव्याने लिहिल्या होत्या. यादीतल्या सगळ्या ओळींवर काट मारून झाली होती. आणि आता हे. बाकीच्या तीन खाटांवरच्या बायकाही रडायला लागल्या.

मी चांगुणाजवळ गेले. तिचे दोन्ही खांदे धरले. आवाज खाली आणला, कारण खालच्या आवाजाचा जास्त उपयोग होतो हे मला माहीत होतं.

"चांगुणा, ऐक. तू रडलीस तर ते दुधात उतरेल. मुलगी आधीच एवढीशी. शोकाचं दूध पाजणार आहेस तिला?"

दुसरी हाक तिच्या तोंडात होती. ती तिथेच थांबली. तिने पदराचा बोळा करून दातांत धरला आणि माझ्याकडे बघत राहिली. मग मुलीकडे. मग एका हाताने मुलीला उचलून छातीशी धरलं. खोलीत एकदम इतकं शांत झालं की स्टोव्हचा आवाज ऐकू यायला लागला.

आम्हाला शिकवलं होतं ते मला पाठ होतं. मोठा धक्का बसला तर दूध थोडा वेळ कमी उतरतं. ते नासत नाही, त्यात काही मिसळत नाही. रडल्याने तर काहीच होत नाही. पण "आईचं दुःख दुधातून मुलाला बाधतं" हे माझ्या वहीत दुसऱ्या रकान्यात होतं, आणि तिसऱ्यात मी पूर्वीच लिहून ठेवलं होतं: बाळंतिणींना शांत ठेवण्यास उपयोगी.

साहेब अकराला आले. चारही खाटांवरून नजर फिरवली. भेटीच्या वहीत लाल शाईने लिहिलं: "स्वच्छता व शांतता उत्तम." दोन महिन्यांनी मी कायम झाले.

नथू सापडला नाही. आठव्या दिवशी चांगुणा घरी गेली. मुलगी तोवर बरी ओढत होती, वजनाचा काटा पुढे सरकला होता. मी कागद काढून घेतला, त्यावरच्या खुणा मोजल्या आणि समाधान वाटून घेतलं.

पुढचं जीवीबायने सांगितलेलं. माणूस दर्यात जाऊन परत आला नाही, की त्याच्या बायकोला घेऊन गावातल्या बायका किनाऱ्यावर जातात. ती समुद्राकडे तोंड करून हाका मारून रडते, बाकीच्या तिला साथ देतात. देह नसतो, दहन नसतं. हे रडणं हाच त्याचा निरोप. चांगुणाला नेलं. ती मुलीला छातीशी धरून वाळूत बसली आणि तोंडातून आवाज काढला नाही. बायकांनी तिला हलवलं, चिमटे काढले, नथूचं नाव घेऊन स्वतः रडून दाखवलं. ती डोळे कोरडे ठेवून बसली. शेवटी एकटी रामीबायच रडली, मुलासाठी आणि अशा सुनेसाठी.

"दगड हाय," गाव म्हणालं. नथूचं हिला काहीच नव्हतं, असं म्हणाले. दुसरं कोणी असेल, असंही म्हणाले. चांगुणाने सासूला खरं काय ते सांगितलं होतं: नर्सबाय बोलली, रडलीस तं दुधात उतरंल. कोणी विश्वास ठेवला नाही. कारण गावभर माहीत होतं, नर्सबाय असलं काही मानत नाही. दृष्ट काढली तरी ती चारचौघांत ओरडते. ती असं बोलेल?

तरी रामीबाय मला विचारायला आली. शुक्रवार होता. डॉक्टर टेबलाशी बसून कागद बघत होते. रामीबाय दारात उभी राहिली, आत आली नाही.

"बाय, एक इचारू? माजी सून बोलते, तू सांगितलंस का रडनं दुदात उतरतं म्हून. बोललीस तू असं?"

डॉक्टरांनी मान वर केली. शिकलेली नर्स असलं सांगते का, हे त्यांना ऐकायचं होतं.

मी म्हटलं, "दुधात काही उतरत नाही, रामीबाय. ते खूळ आहे."

हे वाक्य शास्त्राप्रमाणे बरोबर आहे. मी ते त्यानंतर कितीतरी वेळा तपासून पाहिलं आहे. त्यात चूक एकही नाही.

"मंग पोरगी खोटं बोलते," रामीबाय म्हणाली. मी काही बोलले नाही. ती गेली. डॉक्टर म्हणाले, "काय काय समजुती असतात एकेकाच्या." जीवीबाय कोपऱ्यात फडकी घडी करत होती. तिच्या हातातली घडी तिने परत उलगडली आणि पुन्हा घातली.

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "मी व्हती तवा तितं. मी आयकलं."

"मग तू का नाही सांगितलंस?"

"माजं कोन आयकल? मी तं तुज्या हाताखालची. तू चल. तू सांग."

मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात. आणि यादीत लिहिलं: नवापूर, चांगुणा, सांगणे.

माझ्या रोजच्या कामाच्या याद्या अजून माझ्याकडे आहेत. त्या आठवड्यात खाडीला उधाण होतं. त्याच्या पुढच्या आठवड्यात गोवराची साथ होती. मग पाऊस, मग बस बंद, मग कपाटाची मोजदाद. झालेल्या कामावर मी काट मारते, न झालेलं पुढच्या पानावर उतरवते. "नवापूर, चांगुणा, सांगणे" ही ओळ मी दोन वर्षं पानापानावर उतरवत नेली. इतकी नेमाने की ती वाचायचीही बंद झाले, नुसती उतरवत राहिले. नवापूरला मी त्या काळात कितीदा तरी गेले. त्या घराच्या गल्लीत गेले नाही.

दरम्यान चांगुणाला रामीबायने माहेरी धाडलं होतं. जीवीबायने मला ते एकाच वाक्यात सांगितलं आणि नंतर तो विषय काढला नाही. ती माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागली. हात मात्र धुवायची.

देवीची लस टोचायच्या फेरीत मी सातपाटीला गेले. किनाऱ्यावर बांबूच्या उभ्या-आडव्या वलांडीवर बोंबील वाळत घालायचं काम चाललं होतं. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी बांबूवर टांगायची. बायकांची बोटं इतकी भराभर चालतात की बघत राहावं. त्यांच्यात चांगुणा होती. जीवीबाय पिशवी घेऊन मागेच थांबली.

चांगुणाच्या कमरेवर मुलगी होती. सव्वादोन वर्षांची, गोल गालांची. काट्यावर तोललेलं ते एवढंसं बाळ हेच, हे मी ओळखलंच नसतं.

"लाडी," चांगुणा मुलीला म्हणाली, "ही नर्सबाय. हिनंच तुला जगवली."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी सगळं आधी मनात ओळीने मांडून ठेवलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही. म्हटलं, "चांगुणा, तुला दवाखान्यात मी जे सांगितलं ना, ते खोटं होतं."

"कनचं?"

"दुधाचं. रडणं दुधात उतरत नाही."

तिच्या हातात एक बोंबील होता. दुसरा टोपलीत.

"तुला तवा ठाव व्हतं?"

"हो."

"मंग?"

"तपासणीचे साहेब यायचे होते."

कोणते साहेब ते तिला आठवत नसावं. "हां," ती म्हणाली. आणि टोपलीतला दुसरा बोंबील घेऊन जोडी टांगली.

मला वाटलं, ती ओरडेल. आजूबाजूच्या बायका ऐकत होत्या. मी उभी राहिले. हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं. कायम त्यांत काहीतरी असतं, कात्री, पेन, मूल.

"पन पोरगी जगली," ती म्हणाली. "तू सांगितलं तसं केलं म्हून जगली ना?"

"ती तुझ्या दुधावर जगली. रडली असतीस तरी जगली असती."

"मंग माजं रडनं कुठं गेलं?"

तिने टोपली पायाने बाजूला सरकवली.

"पयलं गल्यात व्हतं. घास उतरं ना. मंग हितं आलं," तिने छातीवर मूठ ठेवली. "आता हात लावून बगते तं सापडत नाय. लाडीला अजून अंगावरनं तोडली नाय मी. बायका हसतात, येवडी घोडी झाली नि पिते. पन तोडली का मंग रडाय लागंल ना मला? नि नाय आलं तं?"

लाडीने हात पुढे केला होता, सगळ्या मुलांना टोचतात तर आपल्यालाही, म्हणून. मी तिला टोचलं. ती रडली नाही. आईसारखीच ओठ आत घेऊन बघत राहिली. त्या बघण्याने मी तिथून निघाले ती दवाखान्यात न जाता सरळ नवापूरला गेले. जीवीबाय न सांगता बरोबर आली.

रामीबाय पडवीत तांदूळ निवडत होती. मी उभ्यानेच एका दमात सगळं सांगितलं: मी बोलले होते, तुम्ही विचारलंत तेव्हा मी लपवलं, तुमची सून खोटं बोलली नव्हती.

ती सुपातले खडे काढत राहिली. मग म्हणाली, "डाक्टर बसला व्हता म्हून?"

"हो."

"त्येला भ्यालीस? कुठं भ्यालीस गं? पोटात का गुडग्यात? तू लिवून ठेवतेस ना समद्यांचं?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही, रामीबाय."

"दोन वरसं मी तिला दगड बोलली. बाजारात, इहिरीवर, लगनात. माजा नथू गेला नि मी त्याच्या बायकोला दगड बोलली." तिने सूप खाली ठेवलं. "तुजं तं तू सांगून मोकली झालीस, बाय. माजं मी कुठं नेऊ?"

मी मोकळी झाले नव्हते. पण ते तिला सांगण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या बसने रामीबाय सातपाटीला गेली. तिथे दोघींत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, जीवीबायलाही नाही.

चार दिवसांनी जीवीबाय सकाळी मला म्हणाली, "चल. तुला बोलावलंय."

"कोणी?"

"चांगुनानं. पिशवी नको घेऊ."

नवापूरच्या किनाऱ्यावर ओहोटी होती, पाणी लांब गेलेलं. रामीबाय आणि पाच-सहा बायका वाळूत उभ्या होत्या. गावातल्या त्याच, ज्यांनी चिमटे काढले होते. चांगुणाने मला बघितलं, जवळ आली आणि लाडीला माझ्या हातात दिलं.

"हिला लांब ने, बाय. आयकू येनार नाय येवडी लांब."

"चांगुणा, मी तुला सांगितलं ना, त्याने मुलीला काही—"

"तू लय सांगतेस," ती म्हणाली.

मी मुलीला घेऊन निघाले. उलट्या घातलेल्या होड्यांच्या पलीकडे गेले, तिथून वलांडींच्या पलीकडे, सुरूच्या झाडांपर्यंत. लाडी जड होती. मागे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मी थांबले. मला वाटलं, नाहीच येत तिला आता. मी दोन वर्षांत ते कायमचं मारून टाकलं.

मग आलं. पहिलं नथूचं नाव, फाटक्या, गंजलेल्या आवाजात. मग थोडं थांबून पुन्हा. मग रामीबायचा आवाज तिच्यात मिसळला, आणि मग बाकीच्यांचा. सुरूच्या झाडांपर्यंत सगळं स्पष्ट येत होतं. ऐकू येणार नाही इतकं लांब मला जाताच आलं नव्हतं.

लाडीने मान वळवली. "आय?"

"हो. तुझी आय."

"बाऊ झाला?"

"हो."

"कुठं?"

ती माझ्याकडे बघत उत्तराची वाट पाहत होती. दुसऱ्या रकान्यात मी इतक्या जणांच्या जागा लिहून घेतल्या होत्या. मी तिला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"थांब जरा," मी म्हटलं. "तिचं होऊ दे."